चार, आठ की सोळा? गिटार ॲम्पच्या मागचा इम्पिडन्स सिलेक्टर जोडताना

व्हॉल्व्हवाल्या (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) गिटार ॲम्पच्या पाठीमागे, स्पीकरच्या जॅकशेजारी, बऱ्याचदा एक फिरवायचा स्विच असतो. त्यावर तीनच आकडे: ४, ८, १६. कॉलेजच्या बँडमधली निम्मी पोरं त्याला आवाज वाढवायचं बटण समजतात. ‘काका, सोळावर टाकलं तर जास्त वाजंल ना?’ हा ठरलेला प्रश्न. न्हाई वाजणार, बाळा. तो स्विच ॲम्पला एवढंच सांगतो की बाहेर कसला स्पीकर जोडलाय. तू खरं सांगितलंस तर ॲम्प सुखात, खोटं सांगितलंस तर व्हॉल्व्ह नाहीतर ट्रान्सफॉर्मर, दोघांपैकी एकाला ते भोगावं लागतं.

परभणी, बीड, जालन्याकडच्या मांडववाल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताहाला भोंगे बांधणाऱ्या माणसाच्या मशीनच्या मागे स्क्रूची पट्टी असते. अहुजाच्या मशीनवर कॉमन (सगळ्यांचं सामाईक टोक), ४, ८, १६, मग ७० आणि १०० व्होल्ट अशी ओळ सापडते. मांडवातच दोन खोके ठेवायचे असतील तर तो ४ किंवा ८ च्या स्क्रूला वायर लावतो. वेशीपर्यंत, पार मारुतीच्या देवळापर्यंत भोंगे न्यायचे असतील तर १०० व्होल्टच्या लाइनवर जातो आणि प्रत्येक भोंग्याला छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर लावतो. शंभर वॅटच्या मशीनवर वीस वॅटचे पाचच भोंगे, सहावा नाही, हा हिशोब त्याला तोंडपाठ असतो. कागदावर मांडला तर तो असा दिसतो: १०० व्होल्टवर २० वॅट घेणारा भोंगा लाइनला ५०० ओहमचा दिसतो (१०० चा वर्ग भागिले २०). असे पाच समांतर लावले की १०० ओहम, आणि शंभर वॅटच्या मशीनला १०० व्होल्टच्या लाइनवर तेवढेच हवे असतात. गिटार ॲम्पमधला सिलेक्टर म्हणजे हीच स्क्रूपट्टी, फक्त वायर हलवायच्या ऐवजी स्विच फिरवायचा.

आता ओहमचं. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं, आणि मल्टिमीटर लावला तर तो सहा-साडेसहा दाखवतो. स्पीकर खराब नाही. मीटर फक्त तांब्याच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतो. इम्पिडन्स म्हणजे वाजत असताना, एसी सिग्नलला होणारा एकूण अडथळा, आणि तो सुरासुरागणिक बदलतो. गिटारच्या बारा इंची स्पीकरमध्ये साधारण ऐंशी-शंभर हर्ट्झच्या आसपास, जिथे कोन आपसूक झुलतो तिथे, तो कित्येक पटींनी वाढतो; वरच्या पट्टीत पुन्हा चढतो. ८ हा नाममात्र आकडा, हिशोबापुरता. तरी मीटरचा उपयोग होतोच: स्पीकरची चिठ्ठी निघून गेली असेल तर तीन-साडेतीन आलं की ४ ओहमचा धरा, सहाच्या पुढे आलं की ८ चा, बारा-तेरा आलं की १६ चा. खोक्यात दोन स्पीकर असतील तर केबलच्या टोकाला मोजा, म्हणजे आतली जोडणीही कळते. दोन आठाचे समांतर असतील तर ४, सिरीजमध्ये असतील तर १६. चार सोळाचे दोन-दोनच्या जोड्यांत असतील तर परत १६.

हा ट्रान्सफॉर्मर मधे कशाला?

व्हॉल्व्हला स्पीकर थेट जोडता येत नाही. ईएल ८४ या व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणाऱ्या पंधरा-सतरा वॅटच्या ॲम्पला प्लेटपासून प्लेटपर्यंत (प्लेट म्हणजे व्हॉल्व्हचं आउटपुटचं टोक) सुमारे ८००० ओहमचा भार लागतो. ईएल ३४ ची जोडी, पन्नास वॅटच्या आसपास, ३४०० च्या दरम्यान. आणि आपल्याकडे आहे ८ ओहमचा स्पीकर. मधला फरक आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिटवतो. काळ्या रानात नांगर धरलेला ट्रॅक्टर आणि डांबरी रस्त्यावर रिकामी ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, इंजिन तेच असतं. गिअर बदलून त्याला सोसेल असा भार आपण देतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा तो गिअरबॉक्स आणि सिलेक्टर हा त्याचा दांडा.

यातलं गणित एकाच ओळीचं आहे, पण तिथेच लोक घसरतात. वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला की इम्पिडन्सचं गुणोत्तर मिळतं. ८००० ला ८ ने भागा, १००० आले; त्याचं वर्गमूळ ३१.६. म्हणजे प्रायमरीला (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीला) सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या गुंडाळीच्या) ३१.६ पट वेढे. १६ ओहमसाठी २२.४ पट, ४ ओहमसाठी ४४.७ पट. सेकंडरीच्या बाजूने बघा: १६ ओहमच्या गुंडाळीला १०० वेढे धरले तर ८ चं टोक ७१ व्या वेढ्यावर निघतं आणि ४ चं ५० व्या. चार हा सोळाचा चौथा हिस्सा, पण त्याचं टोक बरोबर अर्ध्यावर. हे पन्नास, एकाहत्तर, शंभर लक्षात ठेवा. पुढे वायरी ओळखताना याच आकड्यांनी काम होणार आहे.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. तुमच्या ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरमधून सेकंडरीच्या दोनच वायरी बाहेर येत असतील तर सिलेक्टर बसवायचा प्रश्नच मिटला. स्विच नवीन टोक तयार करत नाही, असलेल्यातून एक निवडतो. तीन टोकं हवी असतील तर ट्रान्सफॉर्मरच बदलावा लागेल. आणि इथे सावध करतो: मराठवाड्यात प्रत्येक तालुक्याच्या गावी पाणबुडी मोटर रिवाइंड करणारा असतो आणि तो हातचं सोडत नाही. ‘आणा की, गुंडाळून देतो’ म्हणेल. वेढे तो चोख मोजेल, पण ऑडिओच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीचे थर आलटून पालटून बसवावे लागतात, नाहीतर वरचे सूर मरतात. त्यातून मधल्या थरांचं इन्सुलेशन शेकडो व्होल्ट सोसणारं हवं. हे काम त्याच धंद्यातल्या माणसाकडूनच करून घ्या किंवा तयार ट्रान्सफॉर्मर मागवा.

सिलेक्टर मुळात आला तो ॲम्प आणि स्पीकर वेगळे झाले म्हणून. फेंडरच्या पन्नाशीच्या दशकातल्या शेवटच्या बासमनमध्ये चार दहा इंची स्पीकर त्याच खोक्यात होते, आठाचे चार समांतर, म्हणजे २ ओहम. ट्रान्सफॉर्मर त्या दोनासाठीच गुंडाळलेला, निवडायचं काय? १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात त्याच सर्किटवरून पहिला मार्शल ॲम्प बनला. तो नुसता हेड होता, स्पीकरचं खोकं वेगळं. खोकं कुणाचं कसलं असेल याचा नेम नाही म्हटल्यावर पाठीमागे तीन आकडे येणं ओघानेच आलं.

चुकीच्या आकड्यावर ठेवलं तर काय होतं? ८ च्या टोकाला ४ चा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला दिसणारा भार निम्मा होतो; ते जास्त करंट ओढतात, तापतात, लवकर म्हातारे होतात. ४ च्या टोकाला ८ चा लावला तर भार दुप्पट दिसतो, प्लेटवरचे व्होल्टेजचे झटके वाढतात. एका पायरीची चूक बहुतेक धडधाकट ॲम्प सोसतात, आवाज थोडा मरगळतो इतकंच. पण स्पीकरच नसेल तर? वाजवताना भार अचानक नाहीसा झाला की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात साठलेली ऊर्जा प्रायमरीवर हजार व्होल्टच्या पुढचा झटका मारू शकते. व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी उडते, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या आत इन्सुलेशन फुटतं. व्हॉल्व्ह ॲम्पला शॉर्ट एक वेळ चालतो, उघडं टोक चालत नाही. म्हणूनच फेंडरच्या कित्येक ॲम्पमध्ये मुख्य जॅक असा असतो की पिन काढली की आउटपुट आपोआप शॉर्ट होतं. ट्रान्झिस्टरवाल्याला हे उफराटं वाटतं. त्याच्या ॲम्पला उघडं चालतं, शॉर्ट झालं की खेळ खलास.

हात घालण्याआधी

प्लग काढला म्हणजे ॲम्प मेला असं समजू नका. वीजपुरवठ्याच्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये लहान ॲम्पला तीनशे आणि मोठ्याला साडेचारशेच्या वर डीसी व्होल्ट अडकून राहू शकतात, आणि ते टीव्हीच्या जुन्या मेकॅनिकलाही भिंतीवर आपटतात. १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर मगरचिमट्यांनी कॅपॅसिटर आणि चासिस (ॲम्पचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये काही सेकंद धरा. मग मीटर लावून शून्याजवळ आलंय हे बघा. बघाच. स्क्रूड्रायव्हरने ‘टाक’ करून डिस्चार्ज करायची मर्दुमकी नको. कॅपॅसिटर बिघडतो आणि धातूचा वितळलेला कण डोळ्यात जातो. ज्याने आजवर २३० च्या पुढे हात घातला नाही त्याने हा लेख समजून घ्यावा आणि काम जाणत्याकडे द्यावं.

वायरींचे रंग बनवणाऱ्यागणिक वेगळे. ट्रान्सफॉर्मरचा कागद हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर ओहममीटर उपयोगाचा नाही: सेकंडरीचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही खाली, साधा मीटर सगळीकडे ०.५-०.६ दाखवणार आणि त्यात त्याच्याच लीडचा वाटा. इथे एसी व्होल्टेजची पद्धत वापरायची. व्हॉल्व्ह काढून ठेवा, ॲम्पचा प्लग बाहेर. एलिमिनेटरमध्ये असतो तसला १२ व्होल्टचा लहान ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याचे १२ व्होल्ट एसी प्रायमरीच्या दोन प्लेट-वायरींना द्या आणि सेकंडरीकडच्या वायरींमध्ये दोन-दोन करून एसी मोजा. ८००० ओहमच्या ट्रान्सफॉर्मरवर कॉमन आणि १६ मध्ये साधारण ०.५४ व्होल्ट, कॉमन आणि ८ मध्ये ०.३८, कॉमन आणि ४ मध्ये ०.२७ मिळायला हवेत. लहान ट्रान्सफॉर्मर मोकळा असताना तेरा-साडेतेरा व्होल्ट देतो, म्हणून तुमचे आकडे थोडे वर येतील; शंभर, एकाहत्तर, पन्नास हे प्रमाण जमलं की झालं. सगळ्यात मोठा आकडा ज्या दोन वायरींत, त्यातली एक कॉमन आणि दुसरी १६. पण कुठली कुठली? ४ चं टोक बरोबर मध्यावर असल्याने दोन्हीकडून सारखंच दिसतं, ते काही सांगत नाही. ८ चं सांगतं. ज्या टोकापासून ८ ची वायर लांब, म्हणजे ०.३८ दाखवते, ते कॉमन. ज्याच्यापासून जवळ, ०.१६ च्या आसपास, ते १६.

हे बारा व्होल्ट चुकून सेकंडरीला देऊ नका. ४ च्या टोकाला १२ दिले तर प्रायमरीवर पाचशेच्या वर निघतात. प्लग काढलेल्या ॲम्पमध्ये शॉक बसला असं सांगितलं तर कुणी खरंही मानणार नाही.

स्विच आणि जोडणी

स्विच निवडताना करंट बघायचा. पन्नास वॅट ४ ओहमवर म्हणजे साडेतीन अँपिअर, ८ वर अडीच, १६ वर पावणेदोन; आणि फुल डिस्टॉर्शनवर याहून जास्त. रेडिओच्या जमान्यातला पातळ बँड स्विच किंवा प्लॅस्टिकचा छोटा रोटरी मुळात सिग्नलसाठी असतो, अर्ध्या अँपिअरलाही पुरत नाही. निदान पाच अँपिअरचे जाड कॉन्टॅक्ट हवेत. दोन पोल, तीन पोझिशनचा मिळाला तर दोन्ही पोल समांतर जोडा. त्याने क्षमता दुप्पट झाली असं समजू नका. फायदा असा की एका कॉन्टॅक्टवर धूळ किंवा काळपटपणा आला तरी दुसरा भार धरून ठेवतो. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर पावसापर्यंत जी धूळ उडते ती बघता हा फायदा लहान नाही.

दुकानदाराला विचारलं तर तो ‘शॉर्टिंग’ आणि ‘नॉन-शॉर्टिंग’ असे दोन प्रकार सांगेल, म्हणजे माहीत असेल तर सांगेल. शॉर्टिंग स्विच पुढचा कॉन्टॅक्ट धरल्यावर मागचा सोडतो. नॉन-शॉर्टिंग आधी सोडतो, मग धरतो, आणि मधल्या क्षणी स्पीकर तुटलेला असतो. व्हॉल्व्ह ॲम्पसाठी मी शॉर्टिंग घेईन. त्यात क्षणभर दोन टोकं एकमेकांना चिकटतात, ते सोसवतं. पण कुठलाही असो, वाजत असताना फिरवायचा नाही. ॲम्प बंद, किंवा किमान स्टँडबायवर, मगच हात लावायचा.

जोडणी अगदी साधी आहे. ट्रान्सफॉर्मरची ४, ८, १६ ची वायर स्विचच्या तीन बाहेरच्या टॅबना. मधला फिरता कॉन्टॅक्ट जॅकच्या टिपला (पिनच्या टोकाला लागणाऱ्या कॉन्टॅक्टला). कॉमन वायर जॅकच्या स्लीव्हला (पिनच्या बाहेरच्या दांड्याला लागणाऱ्या भागाला), आणि तिथूनच चासिसला. कॉमन चासिसला जोडायची विसरली तर स्पीकर वाजतो, पण सेकंडरी हवेत तरंगते आणि फीडबॅकचं (आउटपुटमधून मागे जाणाऱ्या सिग्नलचं) गणित बिघडतं. वायर एक चौरस मिलिमीटरची पुरते. ट्रान्सफॉर्मरची टोकं एनॅमलच्या तारेची असतील तर लॅकर ब्लेडने खरवडून आधी कथिल चढवा. वरवर चिकटलेला थंड जोड इथे म्हणजे उघडं टोक, आणि उघड्या टोकाचं काय होतं ते वर आलंच. प्रत्येक टॅबवर इन्सुलेशनची नळी ओढा. दुसरा जॅक हवा असेल तर पहिल्याला समांतर द्या, फक्त दोन खोकी लावल्यावर एकूण ओहम किती झाले ते बघून स्विच फिरवा.

मी आणखी एक करतो: ४७० ओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर कायमचा कॉमन आणि १६ च्या वायरीत, स्विचच्या आधी. पन्नास वॅटच्या ॲम्पमध्येही तो पावणेदोन वॅटच खातो. स्विचने दगा दिला तर ट्रान्सफॉर्मर अगदीच मोकळा पडत नाही. पक्का विमा नव्हे, पण स्वस्त आहे.

निगेटिव्ह फीडबॅकची वायर हा भाग लोक गाळतात आणि मग ‘सिलेक्टर बसवल्यापासून टोन बदलला’ म्हणतात. पुष्कळ ॲम्पमध्ये आउटपुटमधून एक वायर रेझिस्टरमार्गे मागे फेज इन्व्हर्टरकडे (दोन व्हॉल्व्हना उलटसुलट सिग्नल देणाऱ्या भागाकडे) जाते. ती जॅकवरून, म्हणजे स्विचनंतर घेतली, तर ४ वर तिच्यात १६ च्या निम्मं व्होल्टेज येतं. दर वेळी स्विच फिरवला की फीडबॅक बदलणार, प्रेझेन्सचा (वरच्या सुरांचा) नॉब वेगळा वागणार. म्हणून ती स्विचच्या आधी, ट्रान्सफॉर्मरच्या एका ठरलेल्या टोकालाच सोल्डर करायची. कुठल्या? मूळ सर्किटमध्ये ज्या ओहमवरून घेतली होती त्याच. व्हॉक्स एसी ३० सारख्या काही ॲम्पमध्ये असा फीडबॅक नसतोच. तिथे हा परिच्छेद सोडून द्या.

सगळं झालं की लगेच प्लग लावायचा नाही. तोच १२ व्होल्टचा प्रयोग पुन्हा, या वेळी जॅकवर मोजत. स्विच ४, ८, १६ असा फिरवत गेलात की आकडा ०.२७, ०.३८, ०.५४ असा चढायला हवा. उलट क्रमाने चढला तर टॅब उलटे लागलेत. कुठे शून्य आला तर तिथला जोड सुटलाय. हे जमलं की व्हॉल्व्ह बसवा, स्पीकर लावा आणि ॲम्प सिरीज बोर्डवर (ज्यात बल्ब ॲम्पच्या लाइनमध्ये सिरीजमध्ये येतो) घ्या, शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब टाकून. बल्ब सुरुवातीला उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लखलखीत राहिला तर बंद करा आणि शोधा.

ट्रान्सफॉर्मर नवा बसवला असेल आणि चालू करताच ॲम्प किंचाळायला लागला, तर घाबरू नका, फीडबॅक उलटा झालाय. बंद करा, डिस्चार्ज करा, प्रायमरीच्या दोन प्लेट-वायरींची अदलाबदल करा, किंचाळणं थांबेल. सेकंडरीकडे हात लावू नका, ती तुम्ही मोजून बसवली आहे.

राहिली केबल. गिटार ते ॲम्प जाणारी शिल्डेड केबल दिसायला तशीच, पिनही तीच, म्हणून स्टेजवर घाईत स्पीकरला तीच खुपसली जाते. तिची आतली तार केसासारखी. तीन अँपिअर तिला झेपत नाहीत. स्पीकरसाठी दोन जाड वायरींची वेगळी केबल ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा, म्हणजे अंधारात बांधाबांध करणाऱ्या पोराच्याही लक्षात येईल.